उशिरा पोचणारी लहर

उंदीरमामांना उंदरांची भीती वाटते, हे सांगितलं तर प्रयोगशाळेत कोणाचा विश्वास बसणार नाही आणि घरी कोणाला नवल वाटणार नाही. प्रयोगशाळेतले पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर ते कोटाच्या बाहीतून खुशाल फिरू देतात. पण स्वयंपाकघरात ओट्याखालून एखादा करडा सटकला, की हेच गृहस्थ खुर्चीवर. मग मामी झाडू घेऊन खाली, आणि मामा वरून सूचना देणार.

"अहो, तुमच्याच कामावरचा आला असेल," मामी म्हणतात. "विचारा ना, रजेचा अर्ज आणलाय का."

"तो आमच्यातला नाही. आमचे सगळे शिकलेले आहेत."

मामा नक्की कोणाचे मामा, हे विचारण्यात अर्थ नाही. संशोधन करणाऱ्या एका मुलीने कधीतरी गमतीत हाक मारली आणि ती चिकटली. चिकटण्याशी मामांचा जुना संबंध आहे. सगळी हयात त्यांनी डोक्याला तारा चिकटवण्यात घालवली. आता उंदरांच्या, आधी माणसांच्या.

तेव्हा ते दवाखान्यात कामाला होते. त्यांच्या खोलीत माणूस येऊन खुर्चीवर बसायचा आणि समोरच्या पडद्यावर काळेपांढरे चौकोन जागा बदलायचे. तो त्यांच्याकडे टक लावून बघे, आणि त्याच्या डोक्याच्या मागे लेपाने चिकटवलेल्या छोट्या धातूच्या वाट्या आत काय चाललंय त्याचा कानोसा घेत. निसर्गाने हे घर असं का बांधलं कोण जाणे! खिडकी पुढच्या खोलीत, आणि बघणारा बसलाय पार मागच्या खोलीत. खिडकीत काही हललं की त्याची खबर एका नसेतून मागे जाते. निरोगी नसेवर तारेवर असतं तसं वेष्टण असतं, म्हणून खबर झपाट्याने पोचते. वेष्टण झिजलं की खबर पोचते, पण उशिरा. मामांच्या यंत्रावर ती पोचल्याची खूण म्हणून एक लहर उठायची. लहर कधी उठली त्यावरून नस कशी आहे ते कळायचं. ना टोचणं, ना कापणं.

एके दिवशी त्या खुर्चीवर त्यांची धाकटी बहीण येऊन बसली.

बहीण शिवणकाम करते. स्वतःचं दुकान आहे, विजेवरची मोठी मशीन आहे, एक जुनी पायमशीन आहे, आणि हाताखाली दोन मुली. तिचा एक डोळा आधी दुखला, मग त्याच्यापुढे राखाडी पडदा आला. लाल कापड त्या डोळ्याला विटकरी दिसायला लागलं. मामांनी स्वतःच्या हाताने तिच्या केसांत भांग पाडून वाट्या चिकटवल्या. चांगल्या डोळ्याची लहर वेळेवर उठली. दुखऱ्या डोळ्याची उठेचना. मामा यंत्राकडे बघत राहिले, आणि मग ती उठली. उशिरा, दमलेली, पण उठली.

"काय रे दादा, नापास का मी?"

"पास. पण रेंगाळत."

नंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलं तेव्हा तिने साफ नकार दिला. "गाडी लेट आहे हे स्टेशनवर एकदा कळलं ना? मग पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊन किती लेट, किती लेट विचारलं म्हणून ती लवकर येते का?"

मामांना ते लागलं. इतकी वर्षं आपण फक्त उशीर मोजत आलो, असं त्यांना वाटायला लागलं. तेवढ्यात कळलं की एका प्रयोगशाळेत उंदरांच्या अशाच आजारी नसेवर औषध शोधताहेत आणि लहरी काढणारा माणूस हवा आहे. मामा गेले. तिथल्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्यांनी कामाची पद्धत सांगितली. उंदराच्या कवटीत बारीक स्क्रू बसवायचे, वर सिमेंट लावायचं आणि स्क्रूला तार जोडायची.

"माणसांना स्क्रू मारत नव्हता ना तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"नाही. माणूस तक्रार करतो."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "मलाही नाही आवडत. स्क्रू बसवलेल्यातले काही टिकत नाहीत. जे टिकतात त्यांचे स्क्रू ढिले होतात. आज मोजलं आणि महिन्यानं पुन्हा त्याच उंदराला मोजायचं म्हटलं, तर तोच उंदीर हाताशी असेल याची खात्री नाही. वरून चिकटवून जमेल?"

मामा म्हणाले जमेल. मनात म्हणाले, देव जाणे.

सुरुवातीला जमलं नाहीच. उंदराचं डोकं ते केवढं, आणि मामांचा हात माणसाच्या डोक्याला सरावलेला. लेप सढळ पडायचा, एका वाटीचा दुसऱ्या वाटीला जाऊन भिडायचा, की दोन्ही वाट्या एकच झाल्या! यंत्रावर सरळसोट रेघ. "उंदीर गेला की काय!" म्हणून मामांचा जीव वरखाली, आणि उंदीर आपला गुंगीत निवांत घोरतोय. शेवटी त्यांनी काडीच्या टोकाने लेप लावायला सुरुवात केली. डोक्याच्या मागच्या बाजूला थोडे केस कातरून एक वाटी, नाकाच्या वर एक, शेपटीला एक. दुसऱ्या डोळ्यावर काळी टोपी. दार बंद, दिवे बंद, कोपऱ्यात फक्त मंद लाल दिवा. आणि मग चमक. पुन्हा चमक. पुन्हा.

एका चमकीत काही दिसत नाही. रेघ नुसती थरथरत असते, कारण उंदराच्या डोक्यात हजार भानगडी चालू असतात. समजा, भर बाजारात लांबून कोणी तुम्हाला हाक मारतंय. एका हाकेने काय ऐकू येणार? पण तो एकाच सुरात हाका मारत राहिला, आणि बाजारातला गोंगाट मात्र दर वेळी निराळा, तर सगळ्या वेळा एकावर एक रचल्या की गोंगाट गोंगाटाला खाऊन टाकतो आणि हाक तेवढी उरते. यंत्र हेच करतं. त्या दिवशी थरथरत्या रेघेतून हळूहळू एक फुगवटा आला, त्यामागे एक खळगा, मग उंच, स्वच्छ लहर. उंदराच्या डोळ्यात पडलेला उजेड त्याच्या डोक्याच्या मागच्या खोलीत पोचला होता आणि कवटीला न शिवता त्याची पावलं ऐकू आली होती.

"उठली!" मामा ओरडले. मॅडम धावत आल्या. लाल उजेडात दोन मोठी माणसं एका झोपलेल्या उंदरापुढे अशी उभी होती, जशी माणसं समुद्र पहिल्यांदा बघताना उभी राहतात. पुढे अशा असंख्य लहरी निघाल्या, पण मामांचं "उठली" काही सुटलं नाही. प्रयोगशाळेतल्या मुली नक्कल करतात. मामांना चालतं.

तर औषधाचा प्रयोग सुरू झाला. उंदरांच्या एका डोळ्याची नस सुजवलेली, दुसरा डोळा ठणठणीत. मामांनी सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या लहरी काढल्या. आजारी डोळ्याची प्रत्येक लहर उशिरा, अगदी बहिणीच्यासारखी. मग रोज तोंडात थेंब. कोणाला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे फक्त मॅडमना ठाऊक. मोजणाऱ्याचं मन एका बाजूला झुकू नये म्हणून तसा नियमच असतो.

मामांचं मन कुठे झुकलंय हे मात्र बहिणीला पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी घरी जाताना ते दुकानात डोकावत आणि ती कैची न थांबवता विचारे, "काय म्हणतात माझे भाऊबंद?"

"खाताहेत, झोपताहेत."

"म्हणजे तुझ्यावरच गेलेत."

एकदा मामा बोलता बोलता म्हणाले की गुंगीत उंदीर फार गार पडतात. खाली गरम गादी असते, तरी वरून थरथरतात बिचारे. दुसऱ्याच दिवशी बहिणीने कापडाच्या तुकड्यांच्या बोटभर दुलया शिवून दिल्या. आत कापूस, कडेला गोट, आणि एकीला तर चक्क बटण. "हे कशाला?" मामांनी विचारलं. "उकडलं तर उघडायला," ती म्हणाली.

महिन्याने पुन्हा मोजणी झाली. पहिल्या उंदराला मामांनी गादीवर झोपवलं, वर दुलई घातली, दिवे घालवले. लहर उठली आणि मामांचा हात हवेतच राहिला. ती लवकर आली होती! दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्याचीही. आठवडाभर मामा त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत ते देवदर्शन झाल्यासारखा चेहरा घेऊन. झिजलेली वाट पुन्हा बांधली जात होती आणि आपण ते डोळ्यांनी बघतोय, या विचाराने त्यांना डबा उघडायचीही आठवण राहीना. शेवटच्या उंदराची लहर निघाली त्या दिवशी मामा थेट बहिणीच्या दुकानात.

तिथे एक माणूस मोठ्या मशीनभोवती फिरून तिचा भाव करत होता. बहीण दुकान आवरायला निघाली होती आणि घरात कोणाशी बोलली नव्हती. काजाची रेघ दिसत नाही, दोरा सुईच्या शेजारून जातो, आणि उद्या दुसराही डोळा गेला तर, ही धास्ती.

"हे काय?" मामा म्हणाले.

"काही नाही. तू का धापा टाकतोयस?"

मामांनी सांगायला नको होतं. औषध कोणाला आणि पाणी कोणाला हे गुपित अजून उघडायचं होतं, मॅडमशी बोलायचं होतं. पण समोर तो माणूस मशीनचं चाक फिरवून बघत होता. मामा म्हणाले, "सगळ्यांच्या लहरी लवकर यायला लागल्यात. सगळ्यांच्या!"

बहिणीने कैची खाली ठेवली. ती त्या माणसाला म्हणाली, "या तुम्ही. मशीन द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत मामांनी सगळ्या लहरी टेबलावर मांडल्या. मॅडमनी त्या बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मामा, सगळे सुधारलेत?"

"एकूण एक!"

"यातल्या निम्म्यांना नुसतं पाणी दिलंय."

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली.

"चांगल्या डोळ्यांच्या लहरी कुठायत?" मॅडमनी शांतपणे विचारलं. त्या मामांनी काढल्या होत्या, पण आनंदाच्या भरात उघडून बघितल्याच नव्हत्या. ठणठणीत डोळ्यात काय बघायचं? आता उघडल्या. चांगल्या डोळ्यांच्या लहरीही लवकर आल्या होत्या! जे कधी आजारीच नव्हते, तेही बरे झाले होते.

"औषधाचं नाही हे," मॅडम म्हणाल्या. "या खेपेला काहीतरी वेगळं झालं. काय बदललं?"

मामा अगदी लहान आवाजात म्हणाले, "दुलया."

दोघांनी एका उंदराला गुंगी देऊन बघितलं. गादीवरचा तापमानाचा आकडा आधी होता तोच होता, पण तो गादीचा होता, उंदराचा नव्हता, आणि मामा इतके दिवस तोच बघत आले होते. मॅडमनी बारीक तापमापक उंदराला लावला. दुलईशिवाय तो गार. दुलई घातली की हळूहळू ऊबदार, आणि जसजसा तो तापला तसतशी लहर मामांच्या डोळ्यांदेखत अलीकडे सरकत आली. थंडीत बोटं आखडतात आणि उबेला बसलं की भराभर चालतात, तसंच नसेचं. बहिणीच्या मायेने उंदीर ऊबदार झाले होते, एवढंच. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे काय ते मामांना त्या दिवशी नेमकं समजलं, आणि उंदीर तर हातातच होता.

संध्याकाळी दुकानात मुली गेल्यावर मामांनी सगळं सांगितलं. पाण्याचं, चांगल्या डोळ्याचं, दुलयांचं. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबले असते तर उरलेलं बोलता आलं नसतं.

बहीण मशीनच्या फळीवर हात ठेवून ऐकत होती. "म्हणजे माझ्याच दुलईने मला फसवलं."

"मी फसवलं. बघायच्या आधी बोललो."

"हो. तू." ती उठून दिवे घालवायला लागली. "दादा, मी आंधळी होईन याची मला सवय व्हायला लागली होती रे. ती तू मोडलीस. आता पुन्हा करायची."

 त्यानंतर बरेच दिवस मामा दुसऱ्या गल्लीने घरी गेले. मामींनी ओळखलं, पण टोमणा मारला नाही, तेव्हा मामांना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

मॅडमनी सगळी मोजणी पुन्हा करायला सांगितली. दुलई न घालता, पहिल्या खेपेसारखंच अंग गार, तापमापक लावून, एकही पळवाट न ठेवता. आणि इथेच ती चिकटवण्याची पद्धत कामी आली. कवटीत काही रुतलेलं नव्हतं, म्हणून सगळेच्या सगळे उंदीर धडधाकट होते. तेच उंदीर, तेच डोळे, तिसऱ्यांदा.

चांगल्या डोळ्यांच्या लहरी पुन्हा आपल्या जागी गेल्या. मामांनी त्या आधी बघितल्या. मग आजारी डोळा. मागच्या खेपेला लहरीने केलेली घाई गेली होती... पण सगळी नव्हे. लहर पहिल्या खेपेपेक्षा किंचित अलीकडे होती. मामांनी वाट्या तपासल्या, लेप तपासला, तापमापक तपासला. पुन्हा तेच. दुसऱ्या उंदरातही. औषधवाल्यांत जेवढं, पाणीवाल्यांतही तेवढंच.

मॅडम त्या लहरींवर वाकून बसल्या होत्या. "औषध फुकट गेलं," त्या म्हणाल्या. आणि मग आवाज अगदी खाली आणून, "मामा, हे कोणी केलं नाही. नसेने स्वतःच आपलं वेष्टण पुन्हा गुंडाळायला घेतलंय. आतल्या आत. कोणाला न विचारता."

टेबलावरच्या पिंजऱ्यात एक उंदीर पुढच्या पायांनी मिशा साफ करत होता. त्याच्या मनात अर्थातच काहीही नव्हतं. मामांनी त्याच्याकडे वाकून बघितलं. हा खातो, झोपतो, शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसतो. आणि तेवढ्या वेळात त्या चिमुकल्या डोक्यात, केसाहून बारीक तारांवर, कोणीतरी थराथराने वेष्टण चढवतंय. आपण फक्त दाराला कान लावलेला.

मामा बहिणीकडे गेले, पण तोंड उघडलं नाही. दुधाने पोळलेलं तोंड ते. तीच म्हणाली, "पुन्हा या गल्लीने आलास म्हणजे काहीतरी आहे. सांग. या वेळी नीट."

मामांनी जेवढं होतं तेवढंच सांगितलं. औषधाने काही नाही. उंदरांच्या नसा थोड्या आपोआप सुधारल्या. माणसाचं तसंच होईल असं नाही, झालंच तर किती, कोणास ठाऊक.

तिने टाचणीच्या डबीचं झाकण लावलं. "उशीर मोजून काय मिळणार, असं मी म्हणाले होते ना? मोजूया. पण तू असशील तर."

दवाखान्यात आता मामांच्या हाताखाली शिकलेला माणूस तारा चिकटवतो. मामांना हात लावायची परवानगी नव्हती, ते कोपऱ्यात उभे राहिले. पडद्यावर चौकोन हलायला लागले.

"मला बघायचीय लहर," बहीण म्हणाली.

"तुम्ही मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, ताई. नजर हलली की लहर गेली. आणि बोलायचं नाही, जबडा हलतो."

"म्हणजे माझी लहर मला सोडून सगळ्यांना दिसणार?"

"हो. आता गप्प."

"दादा, तू बघ. आणि..."

"गप्प!" मामा आणि तो माणूस एकदम म्हणाले.

आधी चांगला डोळा. लहर उठली. मामांनी ती जुन्या तपासणीच्या कागदाशी ताडून बघितली. जशीच्या तशी, जागच्या जागी. आता डोळ्यावरची पट्टी बदलली. राखाडी पडद्याआडून ती ठिपक्याकडे बघत होती, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. यंत्राच्या रेघेवर नुसता कल्लोळ. त्यात तिची भीती होती, दुकान होतं, आजची पोरींची भांडणं असतील, सगळं.  मग कल्लोळ विरायला लागला. काहीतरी फुगलं. खाली गेलं. आणि चढू लागलं.

बहिणीने न बोलता हात पुढे केला आणि बोटं हलवली. काय?

"उठतेय," मामा म्हणाले. "थांब. चढतेय अजून. उठली!"

मामांनी जुना कागद शेजारी धरला. नव्या लहरीचं टोक जुन्या टोकाच्या किंचित अलीकडे होतं. त्यांनी त्या माणसाला पुन्हा काढायला लावली. पुन्हा तिथेच.

तारा काढल्यावर बहिणीने केसांतला लेप पुसत विचारलं, "किती?"

मामांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. नखभरसुद्धा नव्हतं.

"एवढ्या कापडात काय शिवू मी?" ती म्हणाली, पण तिची नजर यंत्रावरून हटेना. चांगला डोळा झाकून ती जवळ गेली, पार नाक लागेपर्यंत. "हे मी केलंय?"

"तूच. कोणाला न विचारता."

तिने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "त्या मशीनवाल्याला निरोप दे. मोठी मशीन घेऊन जा म्हणावं. पायमशीन मी ठेवतेय. ती रेंगाळली तरी शिवते."